कुंच्याचं दुसरं टोक

माझी धाकटी नणंद तारा हिचं लग्न झालं ते साल १९५३. लग्न वैशाखात, उमरेडला, आमच्याच दारात झालं. मांडव उतरला, पाहुण्यांच्या बैलगाड्या गेल्या आणि घरात पुन्हा सुताचा वास आला. लग्नापायी महिनाभर माग बंद होता. मिरग तोंडावर आलेला. पावसाळ्यात ऊन नसतं, ऊन नसलं की ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या सुताला, पाजलेली खळ वाळत नाही, म्हणून आम्ही कोष्टी लोक मिरगाच्या आधी दोन-तीन ताणे पाजून, गुंडाळून घरात ठेवत असू. आमचा एकही झाला नव्हता.

माझा हात भाजला तो त्याच घाईत.

खळ शिजवायला मी पहाटे उठले होते. सासूबाई सखूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, बाहेर गल्लीत खुंट्या ठोकायला माझ्या नवऱ्याला मदत करत होत्या. पातेलं उतरवताना फडकं सरकलं. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं, खळ चिकटून बसते. मनगटापासून बोटांपर्यंत उजवा हात पांढरा झाला. आत्याबाईंनी चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून लावलं, वर केळीचं पान बांधलं. नवरा, ईश्वरदास, दारात येऊन उभा राहिला. खळ किती सांडली ते त्यानं पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. काही बोलला नाही. त्याचा स्वभावच तसा, असं मी नऊ वर्षं मानत आले होते.

त्या दिवशी कुंचा आत्याबाईंनी धरला. पाजणीत ताणा गल्लीभर ताणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी राहतात, लांब कुंच्याचं एकेक टोक धरतात आणि सुतावर खळ बसवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात, परत येतात. समोरासमोर, पावलाला पाऊल. थांबता येत नाही. थांबलं की सूत सुताला चिकटतं आणि ताणा वाया जातो. कुंच्याचं दुसरं टोक घरच्याच माणसानं धरायचं, अशी आमच्यात रीत. घरात माणसं कमी असली की ते बायकोचं. साठीच्या आत्याबाईंनी चार दिवसांत तीन ताणे पाजले आणि पाचव्या दिवशी त्यांची कंबर धरली.

आता मागाचा प्रश्न होता. आमच्याकडे करवती काठाची लुगडी व्हायची. काठाला करवतीसारखे दाते असतात आणि ते पाडायला मागावर दोघं लागतात. विणणारा खड्ड्यात पाय सोडून मधोमध बसतो, जोडीदार डाव्या काठापाशी. आडवं सूत नेणारा मधला धोटा विणणाऱ्याचा, काठाचा धोटा जोडीदाराचा. दोघांचं सूत एकमेकांत अडकवून मागं फिरवलं की दाता पडतो. डाव्या काठाची ती जागा लग्नापासून माझी होती. पंधरा दिवस तिथं कोण बसणार?

नाव मीच सुचवलं. आमच्यापासून तिसऱ्या घरात वच्छला राहायची. माझ्याच वयाची. तिचा नवरा कवडू नागपूरला गिरणीत होता, सणाला आला तर यायचा. तिच्या घरचा माग मोडून पडला होता आणि तिचा हात चांगला होता.

"वच्छलाले बोलवा," मी म्हटलं. "पंधरा दिवसांचं तं काम आहे."

ती आली, पदर खोचून काठापाशी बसली. "भाऊजी, माहा हात बिघडला असंल. हसू नका," ती म्हणाली. ईश्वरदास हसला. मी केळीचं पान बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. तो हसला म्हणून मलाही बरं वाटलं. कामाला सुरुवात चांगली झाली, असं वाटलं.

पाऊस लागला. मी मधल्या भिंतीमागं रहाटावर बसून डाव्या हातानं धोट्यात घालायच्या कांड्या भरायची. भिंत कुडाची, वर हातभर मोकळी. मागाचा आवाज सारखा यायचा. नऊ वर्षं त्या मागावर बसल्यामुळं मला आवाजावरून सगळं कळायचं. धोटा कुठं आहे, फणी कोणत्या हातानं ठोकली, तार कधी तुटली. आधी आठ दिवस नुसता मागच वाजायचा. मग मधून मधून बोलणं येऊ लागलं.

तो बोलायचा.

शाळेत दोन वर्षं गेला होता आणि मास्तरांच्या छडीला तेल लावून ठेवायचा, हे मला तेव्हा कळलं. बापासोबत पायी नागपूरला लुगडी विकायला जाताना एकदा रस्ता चुकला आणि पारशिवनीच्या एका माणसानं गाडीत घेतलं, हे कळलं. त्याला कारलं आवडत नाही हेही तेव्हाच कळलं. मी नऊ वर्षं कारलं केलं होतं आणि त्यानं नऊ वर्षं खाल्लं होतं. वच्छला म्हणाली, "मंग सांगत काहून नाही?" तर तो म्हणाला, "करून राहिली ते करून राहिली. खाऊन घेतो." दोघं हसली. मी त्या दिवशीची कारली गाईपुढं टाकली.

चहा मीच न्यायची. एक पितळी फुलपात्र आणि एक कान असलेली कपबशी घरात होती. कपबशी ताराच्या लग्नात आलेली. एक दिवस तो कपबशी उचलून वच्छलाकडं सरकवत म्हणाला, "तिले साखर कमी देत जा. तिले गोड चालत नाही." मी साखर किती घेते हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी मागं फिरले. पुढच्या वेळी साखर कमी घातली.

आषाढात पान सुटलं. कातडी गुलाबी आली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थोडं आखडलं. त्या दोन बोटांना ऊन-थंड कळेना. पण धोटा फेकता येत होता. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले होते. एका सकाळी वच्छला यायच्या आधी मी जाऊन डाव्या काठापाशी बसले. त्यानं माग सुरू केला. आम्ही वीतभर विणलं. वच्छला आली आणि दारातच थांबली.

ईश्वरदासनं वाकून काठ पाहिला. मग सुरीनं माझ्याकडचं सूत वर उचललं आणि उसवायला लागला. दोन बोटं, चार बोटं, सगळी वीत. सुताचा गुंता माझ्या पुढ्यात पडत होता.

"राहू द्या ना," वच्छला म्हणाली. "काही दिसत नाही तितकं."

"दाते लहान-मोठे झाले," तो म्हणाला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "तिचा हात बसला आता. मोडू नको."

त्यानंतर मी पुन्हा त्या जागेवर बसले नाही. आत्याबाईंना सांगून पाहिलं. त्या खाटेवर पडून असायच्या. त्यांनी विचारलं, "तू डोळ्यानं काही पाह्यलं?" मी म्हटलं, नाही. "मंग? लुगडे चांगले होऊन राहिले. तुह्या हाताले आराम भेटून राहिला. बाईनं इतकं पाहू नये." खरं तर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. दार उघडं असायचं. ती दिवस मावळायच्या आत घरी जायची. त्यांच्यामध्ये हातभर अंतर असायचं, तितकंच, जितकं माझ्या आणि त्याच्यामध्ये असायचं. एवढंच झालं होतं की ती आता 'भाऊजी' म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. नुसतं बोलणं सुरू करायची. मी चहा घेऊन आत गेले की बोलणं थांबायचं आणि मी बाहेर आले की थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हाला एक मुलगी झाली होती. ताराच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बाया जात नाहीत. ईश्वरदास तिला माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेला आणि पाय धुऊन परत आला. कुठं पुरलं ते बाईला सांगत नाहीत. विचारूही नये म्हणतात, दुसरं लेकरू राहत नाही. मी विचारलं नाही. दुसरंही राहिलं नाही. घरात तिच्याविषयी कोणी एक शब्द काढला नाही आणि मला वाटायचं, तो विसरला.

भादव्यातली दुपार होती. पाऊस उघडला होता, कौलातून वाफ निघत होती. मी कांडी भरत होते. माग थांबला. तार तुटली नव्हती, तसा आवाज नव्हता आला. नुसता थांबला.

"नाल्यापलीकडं वाकडं हिवराचं झाड आहे ना," ईश्वरदास म्हणत होता, "त्याच्या बुडाशी. तीन दगडाच्या चिपा ठेवल्या वरतं. कुत्रे उकरतात म्हणून काट्या टाकतो. बाजाराहून येताना त्या रस्त्यानं येतो मी. जुनी काटी काढतो, नवी टाकतो."

वच्छलानं हळू विचारलं, "तिले मालूम आहे?"

"जयवंताले? नाही."

"काहून नाही सांगितलं?"

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. माझ्या हातातला रहाट फिरत होता आणि सूत कांडीवरून उतरून जमिनीवर पडत होतं. अडीच वर्षं बाजाराच्या दिवशी तो उशिरा यायचा. अडीच वर्षं मी त्याला दारातच टोचून बोलायची, की कोणत्या पानठेल्यावर बसला होता. तो पाय धुवायचा आणि जेवायला बसायचा.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर वच्छला भेटली. मी तिची बादली धरली. तिला विचारायचं ठरवलं नव्हतं. तीच बोलली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हणाली, "जयवंता, तू माह्यावर राग धरून आहे. मी तुह्यं काही घेतलं नाही वं. तो तुह्याविषयीच बोलते. तुह्यापुढं त्याची जीभ उचलत नाही, मी काय करू? माह्या घरी भिंतीशी बोलतो मी. कोणी बोललं तं आयकतो."

मी बादली सोडली. तिचं खोटं नव्हतं. म्हणूनच मला तिच्याशी भांडता आलं नाही. माझ्या लेकराची जागा तिला माहीत होती आणि मला नव्हती. तिनं ती मागितली नव्हती. तिला दिली होती.

आश्विनात ऊन कडक पडलं आणि गल्लीत पुन्हा खुंट्या ठोकल्या गेल्या. आदल्या संध्याकाळी जेवताना ईश्वरदास म्हणाला, "मायची कंबर चालत नाही. उद्या कुंच्याले वच्छला येईल."

आत्याबाईंनी खाटेवरून मान उचलली. मागावर कोणी बसणं वेगळं, गल्लीत साऱ्यांसमोर कुंचा धरणं वेगळं.

"कुंचा मी धरीन," मी म्हटलं.

सकाळी ताणा पसरला. खळ मीच शिजवली, मीच उतरवली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बाया दात घासत बसल्या होत्या. वच्छला तिच्या दारात उभी होती. मी कुंच्याचं माझं टोक धरलं, त्यानं त्याचं. आखडलेली बोटं कुंच्याच्या दांड्यावर बसेनात, मी ती डाव्या हातानं दाबून बसवली. आम्ही चालायला लागलो.

दुसऱ्या फेरीत मी म्हटलं, "वाकडा हिवर कोणता? नाल्याच्या वळणावरचा, का पुढचा?"

त्याचं पाऊल थांबलं.

"चाला," मी म्हटलं. "चिकटून जाईल."

तो चालला. टोकाला जाऊन आम्ही वळलो. त्याची मान खाली होती, सुतावर. अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "वळणावरचा."

आणखी एक फेरी गेली. मग तो म्हणाला, "तुले कोणं सांगितलं?"

"तुमीच सांगितलं. मले नाही, तिले."

खळ ओतायला वळलो तेव्हा थोडी त्याच्या पायावर सांडली. गार झाली होती. पुन्हा कुंचा धरला. ओट्यावरून कोणी तरी म्हणालं, आज जोडी लई जमून चालली. एक-दोघी हसल्या. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दुरून नवरा-बायको काम करताना दिसत होती.

"मी तुले सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

सूत आता ताठ व्हायला लागलं होतं, कुंच्याखाली कडक वाजत होतं. दोन फेऱ्यांनी तो म्हणाला, "तिच्यासंग माहं वाईट काही नाही. लेकराची आण."

"लेकराची आण घेऊ नका. मले मालूम आहे वाईट नाही."

"मंग?"

"वाईट असतं तं भांडली असती मी. भांडून राह्यली असती इथंच." मी एवढं बोलले आणि मला दम लागला. चालत चालत पुढचं सांगितलं. "हा ताणा होऊ द्या. मंग मी नागपूरले जातो, बापाच्या घरी. काडी मोडून द्या मले."

तो माझ्याकडं बघत होता. इतका वेळ त्यानं माझ्याकडं पूर्वी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. कुंचा सोडून तो बाजूला होऊ शकत नव्हता, मीही नाही. अजून अकरा फेऱ्या होत्या. त्या आम्ही पूर्ण केल्या. त्या ताण्यात एक तार चिकटली नाही. असा ताणा आमच्या घरी पुन्हा झाला नसेल.

कार्तिकात पंच बसले. माझे वडील नत्थूजी नागपूरहून आले, पागोटं मांडीवर घेऊन एका बाजूला बसले. पंचांत वडीलधारे जागेश्वरजी होते. त्यांनी नीट विचारलं. मारतो का? नाही. दारू? नाही. उपाशी ठेवतो? नाही. मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, वच्छलासंग काही पाहिलंस का. मी म्हटलं, नाही.

"मंग बाई, सांगू तं काय सांगू आमी लोकाले?"

"तो माह्याशी बोलत नाही," मी म्हटलं.

हसू फुटलं. एक जण म्हणाला, "न बोलणाऱ्या नवऱ्याले सोडाचं म्हटलं तं साऱ्या उमरेडात एक चूल पेटणार नाही." दुसरा म्हणाला, त्याची बायको बोलते, तिला आणून ईश्वरदासच्या घरी बसवा, बरोबरी होईल. वडिलांनी पागोट्याचा पदर तोंडावर धरला. माझ्यापाशी सांगायला होतं. हिवराचं सांगितलं असतं तर हसू थांबलं असतं. पण ते एवढ्या माणसांत ठेवायचं नाही, हे मी पाजणीच्याच दिवशी ठरवलं होतं.

जागेश्वरजींनी ईश्वरदासला विचारलं. तो उठला. ओट्याच्या छपरातून त्यानं एक तुऱ्हाटीची काडी ओढली.

"तिच्यावर बोल ठेवू नका," तो म्हणाला. "चूक माही आहे."

"कोणती चूक? उघड सांग गा."

त्यानं काडी बोटांत फिरवली. मला वाटलं आता बोलतो. त्यानं काडी मोडली आणि दोन्ही तुकडे खाली ठेवले. जागेश्वरजींनी हात जोडले, आणि माझं लग्न संपलं.

चौथ्या दिवशी निघाले. मोटार दुपारची होती. वडिलांना गाठोडं देऊन स्टँडवर बसवलं आणि मी नाल्याच्या रस्त्यानं गेले. वळणावर हिवर होता, उगवतीकडं झुकलेला. बुडाशी तीन चपटे दगड होते. वर बोरीची काटी होती. तिच्यावरचा पाला अजून हिरवा होता. दोन दिवसांपूर्वी तोडलेली, फार तर तीन. मी काटी उचलून बाजूला ठेवली आणि दगडांना हात लावला. ते उन्हानं तापले असतील. मी आखडलेला हात लावला होता, त्या बोटांना कळलं नाही. काटी परत ठेवताना बोटात रुतली तेही रक्त दिसलं तेव्हा समजलं. मोटारीचा भोंगा ऐकू येईपर्यंत तिथं बसले.

नागपूरला वडील-भावाच्या घरी मी कांड्या भरू लागले. माणसांनी भरलेलं घर होतं. वडिलांनी दोनदा दुसऱ्या घरी पाट लावण्याविषयी विचारलं, मी नाही म्हटलं. पहिली काही वर्षं कुठं माग वाजला की मी आधी डाव्या काठाकडं पाहायची, तिथं कोण बसलं आहे. वच्छलाला पुढच्या उन्हाळ्यात कवडू नागपूरला घेऊन आला. ती मला एकदा बाजारात दिसली. पोटुशी होती. आम्ही दोघी थांबलो, हाताची चौकशी झाली, आणि आपापल्या वाटेनं गेलो. ईश्वरदासनं करवती काठ सोडला. पंचे विणू लागला. पंचाला साधा काठ असतो, तो एकट्याला विणता येतो. पाजणीला तो शेजारचा एखादा म्हातारा दुसऱ्या टोकाला उभा करायचा, असं तारा सांगायची. ताराला मी सोडलं नव्हतं, तिनंही मला नाही.

तो गेल्याची बातमी तीच घेऊन आली. तेराव्यानंतर मी मोटारीनं उमरेडला गेले, घरी गेले नाही. हिवराच्या बुडाशी काटी वाळून गेली होती, पाला गळाला होता. शेजारच्या बांधावरून नवी तोडून टाकली. तेव्हापासून ते काम माझ्याकडं आहे.

माझी सासू सखूबाई १९५७ च्या श्रावणात वारली. ईश्वरदास १९६० साली, होळीच्या दोन दिवस आधी, तापानं गेला. आणि आमची मुलगी १९५१ साली, माघातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी गेली. अकरा दिवसांची होती. नाव ठेवायचं राहिलं.